किल्ली हाती आल्यानंतर

वडोदरा, म्हणजे मराठी माणसाच्या तोंडचे बडोदे. या शहरात सरकारी घरांची सोडत, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘ड्रॉ’, ज्या दिवशी निघावयाची असते, त्या दिवशी कित्येक कुटुंबांत सकाळपासून दुसरे बोलणे नसते. रिक्षा चालविणारा, घरोघरी जाऊन पोळ्या लाटून देणारी, दुकानात माल मोजणारा, कारखान्यात कंत्राटी काम करणारा, अशा अनेकांचे लक्ष एका यादीकडे लागलेले असते. यादीत नाव निघाले तर पेढे वाटले जातात. न निघाले तर ‘पुढच्या वेळी पाहू’ असे म्हणून अर्जाची पावती पुन्हा पेटीच्या तळाशी जाते.

सरकारी घरांविषयी लोकांत जी चर्चा होते, ती बहुतेक या एका दिवसाभोवती फिरते. अर्ज कसा करावा, नाव कसे निघेल, किल्ली केव्हा मिळेल, हे सर्व जण विचारतात. त्या किल्लीने कुलूप उघडल्यानंतर पुढील वीस-तीस वर्षे त्या घरात कसे राहावयाचे, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. वस्तुतः अर्जाची वाट जितकी बिकट, तितकीच त्यापुढची वाटही बिकट आहे. पहिल्या वाटेसाठी नियम, कचेऱ्या आणि अनुदाने आहेत. दुसरीसाठी बहुतेक वेळा रहिवाशांचा आपापसांतील समंजसपणा तेवढाच आहे. म्हणून या दोन्ही वाटांची नीट माहिती करून घेणे इष्ट होय.

बेताच्या उत्पन्नाच्या लोकांसाठी सरकारने घरे बांधावीत, ही कल्पना बडोद्यास नवी नाही. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. मुंबईचे गृहनिर्माण मंडळ १९४८ च्या कायद्यान्वये नुकतेच अस्तित्वात आले होते. त्यामुळे पुढील अकरा वर्षे मुंबई-पुण्याचे आणि बडोद्याचे गृहनिर्माण मंडळ एकच होते, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या लक्षात नसेल. केंद्र सरकारने १९५२ साली औद्योगिक कामगारांसाठी आणि १९५४ साली अल्प उत्पन्न गटासाठी गृहयोजना काढल्या. १९६० साली राज्ये वेगळी झाली. गुजरातेत १९६१ च्या कायद्याने स्वतंत्र मंडळ आले. महाराष्ट्रात पुढे ‘म्हाडा’ आली. बडोद्यात गोरव्यासारख्या भागात ‘हाउसिंग बोर्ड’ हे शब्द आजही पत्त्यात लिहिले जातात. १९७८ साली शहरी विकास प्राधिकरण, म्हणजे ‘वुडा’, स्थापन झाले. २००५ साली सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानात बडोद्याचा समावेश झाला आणि त्यातून किशनवाडीत जुन्या झोपड्यांच्या जागी मजल्यांची घरे उभी राहिली. २५ जून २०१५ रोजी प्रधानमंत्री आवास योजनेचा शहरी विभाग सुरू झाला, आणि सप्टेंबर २०२४ पासून तिचा दुसरा टप्पा आला. योजनांची नावे बदलत गेली. परंतु अर्जदाराला ज्या दारांतून जावे लागते, ती दारे पुष्कळशी तीच राहिली.

पहिले दार पात्रतेचे. प्रधानमंत्री आवास योजनेत ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपर्यंत आहे, ते आर्थिक दृष्ट्या दुर्बल गटात मोडते. ३ ते ६ लाखांपर्यंतचे अल्प उत्पन्न गटात. पती, पत्नी आणि अविवाहित मुले मिळून एक कुटुंब समजले जाते. या कुटुंबातील कोणाच्याही नावावर भारतात कोठेही पक्के घर असता कामा नये. ही अट बडोद्यातील मराठी माणसाने विशेष लक्षात ठेवावी. साताऱ्यास किंवा रत्नागिरीस वडिलार्जित पक्क्या घरात आपल्या नावाचा हिस्सा लागलेला असतो. तेथे दहा-दहा वर्षे पाऊल पडत नाही, म्हणून ते घर जमेस धरावयाचे नाही, असे पुष्कळांस वाटते. प्रतिज्ञापत्रावर सही करण्यापूर्वी त्या घराच्या उताऱ्यावर कोणाची नावे आहेत, हे पाहून घेतलेले बरे. कारण खोट्या प्रतिज्ञापत्राचा दोष अजाणतेपणाने टळत नाही. दुसऱ्या टप्प्यात आणखी एक अट आहे. ज्याला गेल्या २० वर्षांत कोणत्याही सरकारी योजनेतून घर मिळाले आहे, त्याला पुन्हा मिळत नाही.

दुसरे दार कागदपत्रांचे. सर्वांची आधारपत्रे, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, राहत्या जागेचा पुरावा, बँकेचे पासबुक, आरक्षणात बसत असल्यास जातीचा दाखला, इतके साहित्य गोळा करता करता रोजंदारीच्या माणसाचे चार-पाच दिवसांचे काम बुडते. त्यातून नावांचा घोळ निघाला तर विचारावयासच नको. मराठी कुटुंबात हा घोळ हमखास निघतो. पुष्कळ घरांत लग्नानंतर सुनेचे आडनावच नव्हे, तर पाळण्यातले नावही बदलले जाते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरे आणि आधारपत्रावर तिसरेच, असे आढळते. त्यात दाखला मराठीत, रेशनकार्ड गुजरातीत आणि बँकेचे पुस्तक इंग्रजीत! ‘कुलकर्णी’चे ‘कुळकर्णी’ होणे किंवा ‘शिर्के’चे ‘शिरके’ होणे बोलण्यात क्षुल्लक वाटते. परंतु छाननी करणाऱ्या कारकुनाला समोरची व्यक्ती दिसत नसून अक्षरे दिसत असतात. या योजनेत घर स्त्रीच्या नावे किंवा पती-पत्नींच्या संयुक्त नावे देण्यावर भर आहे, आणि तो योग्यच आहे. पण त्यामुळेच जिची कागदपत्रे घरात सर्वांत विस्कळित, तिच्याच कागदपत्रांवर सारा अर्ज उभा राहतो. जाहिरात निघाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा राजपत्रातील नावबदलाचे किंवा विवाहनोंदणीचे काम आधीच उरकून ठेवणे शहाणपणाचे.

तिसरे दार सोडतीचे. सोडत आणि रांग यांतला फरक पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. रांगेत उभा राहणारा माणूस प्रत्येक दिवशी एक पाऊल पुढे सरकतो. सोडतीत तसे होत नाही. पाच वेळा नाव न निघालेला आणि प्रथमच अर्ज करणारा, दोघेही सहाव्या सोडतीत सारखेच. विलायतेतील नगरसभांच्या घरांसाठी प्रतीक्षायादी असते, आणि अडचणीचे मान व वाट पाहण्याचा काळ यांना तेथे काही किंमत असते. आपल्याकडील सोडतीत वशिल्याला वाव राहू नये, हा मोठा लाभ आहे. परंतु गरज किती तीव्र आहे, हे ती पाहत नाही. आरक्षित जागांचा हिशेब सोडला, तर भाडे थकल्याने घराबाहेर काढलेली विधवा आणि भावाच्या प्रशस्त घरात राहणारा अर्जदार यांच्या चिठ्ठ्या एकाच मापाच्या असतात. म्हणूनच सोडतीच्या सुमारास दलालांचा सुळसुळाट होतो. ‘वर ओळख आहे, नाव काढून देतो’ असे सांगणाऱ्याच्या हाती वस्तुतः काहीही नसते. दहा जणांकडून पैसे घेतले आणि दोघांची नावे योगायोगाने निघाली, तर ती आपण काढली असे तो मिरवितो, आणि उरलेल्या आठांना पुढच्या सोडतीचा वायदा देतो. भरणा केवळ जाहिरातीत दिलेल्या बँकेत किंवा कचेरीतच करावा आणि पावती जपून ठेवावी, एवढे पथ्य पाळले तरी मोठी हानी टळते.

सोडतीखेरीज सरकारी घराकडे जाणारी दुसरीही एक वाट आहे, ती झोपडपट्टीच्या पुनर्वसनाची. तेथे अर्जदाराने घराकडे जावयाचे नसते. योजनाच त्याच्या दाराशी येते. वस्तीची पाहणी होते, यादी तयार होते, झोपड्या पाडल्या जातात, आणि नवी इमारत होईपर्यंत भाड्यासाठी काही रक्कम देण्याचे ठरते. कागदावर ही वाट सोपी दिसते. परंतु बडोद्याच्या वारसिया भागातील संजयनगरचा अनुभव विसरण्याजोगा नाही. तेथील झोपड्या २०१७ साली पाडण्यात आल्या. त्यानंतर काम रखडले आणि हजाराहून अधिक कुटुंबांना वर्षामागून वर्षे भाड्याच्या जागेत काढावी लागली. थकलेल्या भाड्याच्या रकमेसाठी त्यांना रस्त्यावर येऊन मागणी करावी लागली. झोपडी असते तोवर तिच्यात राहणाऱ्याच्या संमतीला किंमत असते; ती पडल्यावर त्याच्याजवळ यादीतले नाव तेवढे उरते. म्हणून पुनर्वसनाच्या करारात घर केव्हा मिळणार, तोवर भाडे कोण व कोठून देणार, आणि मुदत टळल्यास काय, या तीन गोष्टी लेखी असणे अगत्याचे असते.

आता किल्ली हाती आली, असे धरून चालू. प्रथम पैशांचा हिशेब येतो. केंद्र सरकारने २०१५ च्या योजनेत भागीदारीने बांधलेल्या घरांसाठी प्रत्येक दुर्बल कुटुंबामागे दीड लाख रुपये दिले. दुसऱ्या टप्प्यात ही मदत अडीच लाखांपर्यंत वाढली. राज्याची मदत आणि जमिनीची सवलत वेगळी. तरीही उरलेली रक्कम कुटुंबालाच उभी करावयाची असते. उदाहरणार्थ, एका कुटुंबाने ४ लाख रुपयांचे कर्ज दरसाल ९ टक्के व्याजाने १५ वर्षांसाठी काढले, असे समजू. त्याचा मासिक हप्ता सुमारे ४,०६० रुपये येतो. घरात महिन्यास १५,००० रुपये येत असतील, तर चौथ्या हिश्शाहून अधिक रक्कम हप्त्यातच गेली. कुटुंब आधी ३,५०० रुपये भाडे देत असेल, तर ‘भाड्याऐवजी हप्ता’ हा विचार बरोबर वाटतो. पण भाड्याच्या घरात जे खर्च मालकाचे होते, ते आता आपले झाले, हे त्या विचारात धरलेले नसते. घरपट्टी, पाणीपट्टी, जिन्यातील दिव्यांचे बिल, पाणी चढविणाऱ्या मोटरची दुरुस्ती, टाकीची सफाई, हे सारे आता रहिवाशांच्याच माथी येते.

त्यात अंतराची भर पडते. महापालिकेला मोकळी जमीन शहराच्या कडेला मिळते. काम मात्र रावपुऱ्यात, मांडवीत, दांडियाबाजारात असते. विश्वामित्रीच्या काठच्या झोपडीत पावसाळ्याची धास्ती असते, हे खरे. ऑगस्ट २०२४ चा पूर बडोदेकर विसरलेले नाहीत. तथापि त्या झोपडीपासून धुण्याभांड्याची चार घरे पायी करता येत होती. नव्या पक्क्या घरापासून तेथे जाण्यासाठी दोन रिक्षा बदलाव्या लागल्या, तर दोन घरांचे काम सोडावे लागते. पुरुषाची कमाई बहुधा तीच राहते, स्त्रीची घटते, आणि हप्ता मात्र दोघांच्या कमाईवर बेतलेला असतो. काही लाभार्थी घर मिळाल्यावर ते भाड्याने देतात किंवा मुखत्यारपत्रावर परस्पर विकतात, आणि पुन्हा शहरात जागा शोधतात. नियमाने ठरावीक मुदतीपर्यंत असे करता येत नाही, आणि पाहणीत आढळल्यास घर काढून घेतले जाते. लोभाने विकणारेही आहेत. परंतु हप्ता आणि अंतर यांच्या कात्रीत सापडून विकणारेही आहेत, आणि दोघांना एकाच मापाने मोजणे न्याय्य नव्हे. मुखत्यारपत्रावर असे घर घेणाऱ्याने मात्र पक्के समजावे, की आपण पैसे देऊन घर घेतले नसून केवळ एक वाद विकत घेतला आहे.

यानंतरचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि तो इमारतीचा. तीस चौरस मीटरचे, म्हणजे सव्वातीनशे चौरस फुटांच्या आसपासचे आपले घर स्वच्छ ठेवणे प्रत्येक गृहिणीला जमते. परंतु इमारत म्हणजे केवळ घरांची बेरीज नव्हे. जिना, गच्ची, टाकी, मोटर, गटार, बाहेरच्या भिंती आणि खालचे खांब हे सर्वांचे असतात, आणि जे सर्वांचे असते ते पुष्कळदा कोणाचेच होत नाही. तळमजल्याचा रहिवासी म्हणतो, ‘लिफ्ट मी वापरत नाही, तिचे पैसे का देऊ?’ वरच्या मजल्याचा म्हणतो, ‘गटार तुंबते ते तुमच्या दारात, माझ्या नव्हे.’ कोणी दोन महिने वर्गणी देत नाही. ते पाहून देणाराही थांबतो. मग एक दिवस मोटर जळते, आणि चौथ्या मजल्यावरच्या म्हातारीला हंडा घेऊन जिना चढावा लागतो.

हे झाले गैरसोयीचे. दुर्लक्ष याहून पुढे गेले म्हणजे काय होऊ शकते, हे बडोद्याने पाहिले आहे. २८ ऑगस्ट २०१३ च्या पहाटे अटलादरा भागातील माधवनगर येथे तीन-तीन मजल्यांच्या दोन इमारती कोसळल्या आणि ११ जण मृत्यू पावले. ही काही शंभर वर्षांची जुनी घरे नव्हती. ‘वुडा’ने बेताच्या उत्पन्नाच्या लोकांसाठी बांधलेल्या त्या वसाहतीला जेमतेम दशक उलटून गेले होते. पुढे २६ ऑगस्ट २०१८ रोजी अहमदाबादेत ओढव येथेही गरिबांसाठीच्या सरकारी वसाहतीतील इमारती कोसळल्या. बांधकाम निकृष्ट असेल तर तो बांधणाऱ्याचा आणि त्यावर देखरेख करणाऱ्याचा दोष. त्याचा भार रहिवाशांवर टाकता येणार नाही. पण भिंतीतली चीर, गच्चीतून झिरपणारे पाणी, खांबाचा सुटलेला गिलावा आणि उघडी पडलेली गंजकी सळई ही सूचना इमारत पुष्कळदा आधी देत असते. ती सूचना कोणी पाहावयाची, कोणाला कळवावयाची, आणि कळविल्यावर कोणी यावयाचे, हे ठरलेले नसेल, तर ती भिंतीवरच राहते.

या ठिकाणी आपल्या गृहयोजनांचा एक मूळ विशेष ध्यानात घेतला पाहिजे. आपल्याकडे सरकारी घर बहुधा मालकीने दिले जाते. युरोपातील पुष्कळ शहरांत ते भाड्याने दिले जाते. ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहराजवळ स्वतःची सुमारे २,२०,००० घरे आहेत, आणि शहरातील जवळजवळ निम्मे लोक नगराच्या किंवा सरकारी साहाय्याच्या घरांत राहतात. १९३० साली पुरी झालेली १,३८२ घरांची कार्ल मार्क्स होफ ही वसाहत आजही वापरात आहे. तिचे आयुष्य एवढे टिकले, याचे एक साधे कारण असे, की छप्पर गळले तर ते नीट करण्याची जबाबदारी घराचा मालक असलेल्या नगराची आहे. सिंगापुरात १९६० साली गृहमंडळ स्थापन झाले. तेथील तीन चतुर्थांशांहून अधिक लोक त्या मंडळाने बांधलेल्या घरांत राहतात. ही घरे आपल्याप्रमाणेच विकत, परंतु ९९ वर्षांच्या पट्ट्याने दिली जातात. तेथे मालकी देऊन सरकार मोकळे झाले नाही. नगरसमित्या दरमहा देखभालखर्च वसूल करतात आणि त्यातील काही भाग मोठ्या दुरुस्त्यांसाठी बाजूला ठेवणे त्यांना कायद्याने बंधनकारक आहे.

आपल्याकडे मालकी देण्यामागची भावना चांगली आहे. जन्मभर ‘खाली करा’ हे शब्द ऐकलेल्या माणसाला स्वतःच्या नावाचा दस्तऐवज मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु मालकीबरोबर इमारतीची देखभालही त्याच्याकडे आली, आणि ती पेलण्याचे बळ त्याच्यापाशी आहे की नाही, हे पाहिले गेले नाही. मुंबईत याची थोडी जाणीव दिसू लागली आहे. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोल्या होत्या. मालक सरकार होते. त्यांच्या पुनर्विकासातून वरळी येथील पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांची मालकीची घरे मिळाली. उंच इमारतींचा खर्च या कुटुंबांना एकाएकी झेपणार नाही, हे ओळखून १२ वर्षांच्या देखभालीची तरतूद योजनेतच करण्यात आली. बडोद्यासारख्या शहरांतील वसाहतींसही अशा तरतुदीची तितकीच गरज आहे.

मग रहिवाशांनी काय करावे? महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत एक उपयुक्त प्रमाण दिलेले आहे. घराच्या बांधकामखर्चाच्या दरसाल किमान पाव टक्का रक्कम सिंकिंग फंडात आणि पाऊण टक्का दुरुस्तीनिधीत जमा करावी, असे ते सांगतात. बांधकामाचा खर्च ६ लाख रुपये धरला तर पहिल्यापोटी वर्षास १,५०० आणि दुसऱ्यापोटी ४,५०० रुपये होतात. म्हणजे दोन्ही मिळून महिन्यास ५०० रुपये. दिवे, पाणी आणि सफाई यांचा रोजचा खर्च याहून वेगळा. ही रक्कम गरीब कुटुंबाला लहान नाही. परंतु इमारतीची झीज वर्गणीची वाट पाहत नाही. आज न दिलेले ५०० रुपये दहा वर्षांनी एकदम मागितले जातात, आणि तेव्हा ते देण्याची ऐपत कोणाचीच नसते. ताबा देताना देखभालीची अनामत घेतलेली असते. ती कोणत्या बँकेत, कोणाच्या नावे आहे आणि तिचे व्याज कोण खर्च करतो, हे प्रत्येक रहिवाशाने विचारलेच पाहिजे. तसे विचारण्यासाठी मंडळी नोंदलेली असावी लागते. नोंदणी, हिशेबाची वही आणि वर्षातून एकदा सर्वांसमोर वाचलेला हिशेब, या तीन गोष्टी जेथे आहेत, तेथे वर्गणी येते; कारण लोक बहुधा पैशासाठी अडून बसत नाहीत, अविश्वासासाठी बसतात. समितीत स्त्रिया असाव्यात, हे निराळे सांगावयास नको. पाणी किती वाजता आले, दिवा कोठला गेला आणि गच्चीत कोठे ओल आहे, हे त्यांना आधी कळते.

तथापि विश्वास हा केवळ हिशेबाचा विषय नाही. सोडत जी चिठ्ठी काढते, ती धर्म, भाषा, प्रांत पाहत नाही. त्यामुळे ज्यांनी एकमेकांना कधी शेजारी म्हणून निवडले नसते, अशी माणसे एका जिन्यावर येतात. बडोद्यातच हरणी भागात ४६२ घरांची एक वसाहत आहे. मुख्यमंत्री आवास योजनेखाली तेथे एका मुस्लिम महिलेला २०१७ साली सोडतीने घर मिळाले. त्या वसाहतीतील ३३ रहिवाशांनी ते वाटप रद्द करावे, अशी मागणी केली, आणि जून २०२४ मध्ये ही हकीकत देशभर वृत्तपत्रांत आली. सरकारी योजनांत अर्जदारांमध्ये धर्मावरून भेद केला जात नाही आणि हे वाटप नियमानुसारच झाले आहे, असे महापालिकेच्या अधिकाऱ्यांनी त्या वेळी स्पष्ट केले. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न तेथे संपतो. पण ज्या स्त्रीने सर्व अटी पुऱ्या केल्या, पैसे भरले आणि सोडतीत नाव मिळविले, तिला स्वतःच्या घरात जाण्यास शेजाऱ्यांची परवानगी लागावी, हे त्या संपण्याने सुटत नाही. सिंगापुरात १९८९ पासून प्रत्येक वसाहतीत निरनिराळ्या समाजांचे प्रमाण कायद्याने ठरविलेले आहे. तो मार्ग सर्वत्र योग्य असेलच असे नाही. परंतु सार्वजनिक पैशाने बांधलेल्या घराचे दार कोणाला उघडावे, हे ठरविण्याचा अधिकार तेथे आधी पोहोचलेल्यांना नाही, एवढे तरी निर्विवाद होय. त्या ३३ जणांनाही घर मिळाले ते त्याच नियमांनी; तो नियम एकासाठी मोडला, तर तो कोणाच्याच घराचे रक्षण करू शकणार नाही.

एवंच, सरकारी घराचा अर्ज करणाऱ्याने आधी आपली कागदपत्रे एका नावावर आणावीत, दलालाला दार दाखवावे, आणि हप्त्याचा हिशेब करताना त्यात देखभाल व प्रवास हे दोन आकडे धरावेत. घर मिळाल्यावर पहिल्याच महिन्यात शेजाऱ्यांची बैठक घ्यावी, मंडळी नोंदवावी, अनामतीचा ठावठिकाणा विचारावा, पावसाळ्यापूर्वी एकदा गच्ची आणि खांब सर्वांनी मिळून पाहावेत, आणि चीर दिसली तर तिचे छायाचित्र लेखी तक्रारीसह कचेरीत देऊन त्याची पोच घ्यावी. सरकारनेही किती घरे बांधली या आकड्याबरोबर, दहा वर्षांपूर्वी बांधलेल्या किती इमारतींची तपासणी झाली, हा आकडा दरसाल जाहीर करावा. ज्यांना घर द्यावयाचे त्यांचे उत्पन्न सरकारला ठाऊक असते. तेव्हा त्यांच्या इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीचा वाटा उचलणे हा उपकार होणार नाही, तो त्याच योजनेचा उरलेला भाग ठरेल.

पुढची सोडत निघेल, पुन्हा यादी लागेल, पुन्हा पेढे वाटले जातील. आणि ते वाटलेच पाहिजेत, कारण तो आनंद खरा आहे. मात्र त्या दिवशी ज्याचे नाव निघेल, त्याला अभिनंदनाबरोबर कोणीतरी एवढेही विचारावे, की तुमच्या जिन्यावर आणखी किती कुटुंबे आहेत, आणि त्यांची नावे तुम्हांस ठाऊक आहेत काय? त्या इमारतीचे पुढील आयुष्य बरेचसे या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून राहील.